हडळीचे पाय उलटे का असतात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आजोळी विहिरीपाशी हडळ आहे असं लहानपणापासून ऐकत आलात, परदेशातल्या लोककथांमध्येही तशीच बाई भेटते, तर हे सगळीकडे सारखं कसं आणि तिचे पाय उलटेच का. पायांचं मला जमेल तेवढं सांगते. पण आधी दुसरंच सांगणार आहे, कारण आमच्या घरात एक हडळ तयार झाली आणि ती कशी झाली ते मी ९ वर्षांची असताना डोळ्यांनी पाहिलंय.

मी नागपूरला राहते. नर्स आहे, २१ वर्षं लेबर रूममध्ये काढली. आमचं गाव काटोल तालुक्यातलं. साल १९८३, पोळ्याचा दिवस. माझी लहान काकू तेव्हा बाविशीची, दुसऱ्या खेपेची. सकाळपासून तिला कळा येत होत्या. चुलीवर पुरण शिजत होतं, अंगणात बैलांच्या शिंगांना बेगड लावणं चाललं होतं. बैल तोरणाखाली न्यायची वेळ झाली तेव्हा मुलगी झाली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी चांगली हाये व माय." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग तिनं पुन्हा पाणी तापवायला सांगितलं, थोड्या वेळानं आणखी एकदा. बाळामागून पडायची ती वार पडत नव्हती.

मला दारापाशी उभं केलं होतं, जुन्या लुगड्यांचे धडपे आणून द्यायला. पहिला धडपा हिरव्या लुगड्याचा होता, त्याचा काठ मला अजून आठवतो. तो बाहेर आला तेव्हा त्यात हिरवं काही राहिलं नव्हतं. मी सात की आठ धडपे दिले, मग आईनं मला तिथून हाकललं.

काटोल ९ किलोमीटर. गावात तेव्हा एकही गाडी नव्हती, एसटी सकाळीच येऊन गेली होती. लहान काकाजी गोठ्यात गेले, बंडी, म्हणजे बैलगाडी, बाहेर ओढली आणि बैलाचा कासरा सोडला. तो कासरा मोठ्या काकाजींनी त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "पोळ्याच्या दिशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवाले हे घर काय बुडालं का? बाईमाणसाले इतकं होतच रायते." एक जण सायकलनं काटोलला गेला, जीप मिळते का बघायला. इकडे बैल तोरणाखालून मिरवून आले, त्यांची पूजा झाली, त्यांना पुरणपोळी चारली. काकू रात्री नऊच्या सुमारास गेली. जीप आली तेव्हा दहा वाजून गेले होते.

पोळा अमावास्येचा असतो हे तुम्हाला माहीत असेलच. बाळंतीण, त्यात अमावास्या, त्यात सणाचा दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे रीतीप्रमाणे दारादारातल्या पळसाच्या फांद्या उचलून पोट्टे शिवेकडे ओरडत निघाले, "इडा पिडा, रोगराई, खासी-खोकला, घेऊन जा गे मारबत!" मारबत म्हणजे गावाची रोगराई सोबत घेऊन जाणारी बाई. आमच्या ओट्यावर काकूला ठेवलं होतं आणि बाहेरून तो आवाज येत होता. दुपारी तिला नेलं. येताना वाटेवर मोहरी टाकत आले. संध्याकाळी दाराच्या चौकटीत दोन खिळे ठोकले, ते जुन्या घरात आजही आहेत. ती गेली त्या जागी पीठ पसरून वर टोपलं झाकलं. सकाळी टोपलं उचललं तेव्हा पिठावर एक फरकटल्यासारखा डाग होता. मी पाहिलाय. उंदराचा असेल, मांजराचा असेल. मोठी काकू वाकून म्हणाली, "टाच दाराकडे हाये." झालं, पाय उलटे ठरले. त्या वाक्यानं माझी काकू हडळ झाली. महिनाभरात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, चिंचेखाली ती कुणाकुणाला दिसायलाही लागली.

आता जगाचं. मी पुढे नोकरीत आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचलं, कारण माझ्या डोक्यातून ते पीठ जात नव्हतं. मलेशिया-इंडोनेशियात पोंतियानाक नावाची बाई आहे. मोकळे केस, पांढरे कपडे, ती जवळ आली की चाफ्याचा वास येतो. तिच्या मानेत खिळा ठोकला की ती साधी बाई होते म्हणतात. त्याच नावाचं शहर बोर्निओ बेटावर आहे, आणि तिथल्या सुलतानानं १७७१ मध्ये ते वसवताना या भुतांना हुसकायला तोफा डागल्या अशी कथा सांगतात. जपानमध्ये उबुमे आहे. ती रात्री वाटसरूला थांबवते आणि म्हणते, एवढं बाळ जरा धरा. धरलं की बाळ जड होत जातं. आपल्याकडे हडळ, कोकणात अलवंतीण, उत्तरेत चुडैल. या सगळ्या कोण आहेत माहीत आहे? बाळंतपणात मेलेल्या बायका. बहुतेक ठिकाणी ही एकच अट आहे. तुम्ही विचारलंत सगळीकडे सारखं कसं, तर माझं उत्तर हे की बाळंतीण सगळीकडे सारखीच मरत होती. रक्त जाऊन मरत होती, आणि आजूबाजूची माणसं बघत होती. जिला आपण वाचवलं नाही ती आपल्यावर रागावलेली असणार, हे प्रत्येक गावाला आतून कळत होतं. म्हणून खिळे, म्हणून मोहरी. वाघाला कुणी मोहरी टाकत नाही.

एक समाज मला यात वेगळा सापडला, मेक्सिकोतले अझ्टेक. त्यांच्याकडे बाळंतपण म्हणजे लढाई मानत. पहिल्या बाळंतपणात जी मरायची तिला रणात पडलेल्या योद्ध्याचा मान. मेलेले योद्धे सूर्याला उगवतीपासून माथ्यापर्यंत पोचवतात, आणि माथ्यापासून मावळतीपर्यंत त्याला न्यायचं काम या बायकांचं. अशी बाई गेली की तिचा नवरा आणि सुइणी चार रात्री तिच्या देहाची राखण करत, कारण तरुण शिपाई तिचे केस आणि डाव्या हाताचं मधलं बोट चोरायला टपलेले असत. ते ढालीत ठेवलं की अंगात बळ येतं अशी त्यांची समजूत. सोळाव्या शतकात सहागून नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूनं तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून हे सगळं लिहून ठेवलंय. भीती त्यांनाही होतीच. ठरावीक दिवशी या बायका चौरस्त्यावर उतरतात आणि पोरांना बाधतात म्हणून त्या दिवशी पोरांना घरातून सोडत नसत. पण भीतीच्या आधी मान होता. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री माझी नाइट ड्यूटी होती. वॉर्डात एका बाईला पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव, झाला होता, तिला सांभाळून पहाटे चहा घ्यायला बसले आणि मला रडू आलं.

आणि हो, हे सगळं "आपल्याकडची अंधश्रद्धा" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. कथा ही अंधश्रद्धा नाही. मला कथा हव्या आहेत. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. कुणी काळीला इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बाकाबाई मानतं, कुणी मारबतीला पूतना म्हणतं. इतवारीत दोघींची गाठ पडते तेव्हा जी गर्दी उसळते ती मी दरवर्षी बघायला जाते, लेकरांना घेऊन जाते. फक्त ती आरोळी माझ्या तोंडून निघत नाही. शेवटी एका बाईच्या पुतळ्यावर सगळी रोगराई लादून तिला गावाबाहेर जाळतात, तेव्हा मी घरी निघून येते. पूतनेलासुद्धा कृष्णानं आईची गती दिली असं भागवतात आहे. ते कुणी ओरडत नाही.

पायांचं राहिलं. उलटे पाय फक्त हडळीचे नाहीत. ब्राझीलच्या जंगलात कुरुपिरा नावाचा राखणदार आहे, त्याची पावलं मागे वळलेली, शिकारी माग काढत जातो आणि भलतीकडेच पोचतो. पोर्तुगीजांबरोबर तिकडे गेलेल्या अँशिएता नावाच्या पाद्र्यानं १५६० मध्येच त्याचा उल्लेख केलाय. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सिग्वापा आहे, डोंगरातली लांब केसांची बाई, तिचेही पाय उलटे. आणि चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारात आलेल्या मेगॅस्थेनिस नावाच्या ग्रीक वकिलानं म्हणे लिहिलं होतं की हिंदुस्थानात एका डोंगरावर उलट्या पायांची, आठ-आठ बोटांची माणसं राहतात. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं ते उतरवून घेतलंय. म्हणजे कल्पना जुनी आहे आणि एका मुलखाची नाही. माझ्या आजीचं उत्तर साधं होतं. मेलेल्याचं सगळं उलटं, म्हणून पाय उलटे. श्राद्धात जानवं उजव्या खांद्यावर घेतात, तसं. मला पटतं ते आणखी थोडं वेगळं आहे. पावलं घरातून बाहेर निघालेली दिसतात आणि बाई मात्र घरात येत असते. जिला बाहेर काढली ती परत येतेय याची ती भीती आहे. हे माझं मत, कुठल्या अभ्यासात वाचलेलं नाही.

आता जे मला खरं म्हणजे लिहायचं आहे ते. मोठे काकाजी वारले. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, अजून दरवर्षी पोळ्याला आमच्या घरच्या ग्रुपवर चिंचेची गोष्ट टाकतो. नव्या सुनांना सांगतो, तिकडून जाऊ नका. मी दरवर्षी त्याला म्हणते की दादा, तिची वार अडकली होती. वार आत राहिली की गर्भाशय आकसत नाही, आकसलं नाही की रक्तवाहिन्यांची तोंडं मिटत नाहीत. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त फिरत असतं. आम्हाला शिकवतानाच सांगायचे, हातात २ तास असतात. त्यावर दादा म्हणतो, "तू शिकलेली हायेस, पण मोठ्यांचं खोटं कसं असंन?" खोटं नाही दादा, झाकलेलं आहे. आपल्या बापाच्या हातात कासरा होता हे बोलायला जड जातं, चिंचेवर हडळ आहे हे बोलायला सोपं जातं. त्यापायी काकूच्या पोरीला, जिनं जन्मून सहा तासही आईचा चेहरा पाहिला नाही, शाळेत "हडळीची" म्हणत. तिला माझ्या आईनं वाढवलं. तिच्या लग्नाची तीन स्थळं चिंचेवरून मोडली. आणि तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी तिच्या उशाशी उभी होते, इंजेक्शन भरून.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. बंडी जुंपली असती तरी काकू वाचली असतीच असं मी नर्स म्हणून छातीठोकपणे म्हणू शकत नाही. ९ किलोमीटरला बैलांना दोन तास लागले असते, वाटेत नाला, तिकडे तेव्हा रक्त मिळालं असतं की नाही कोण जाणे. काळच तसा होता. देशात १९९७-९८ मध्येसुद्धा लाख जिवंत जन्मांमागे ३९८ आया दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. मोठे काकाजी वाईट माणूस नव्हते. माझी नर्सिंगची फी त्यांनी संत्र्याच्या पैशातून भरली. पण जुंपायला हवी होती. त्यांनी मरेपर्यंत त्या चिंचेखालून पाऊल टाकलं नाही, यावरून त्यांनाही ते माहीत होतं असं मी धरून चालते.

तर तुमच्या विहिरीचं असं करा. तिथे हडळ आहे का हे विचारू नका, ती बाई कोण होती ते विचारा. आजी असेल तर आजीला, नसेल तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला. पुरुषांना विचारून उपयोग नाही. तिचं नाव काय, कितव्या खेपेची होती, त्या दिवशी घरात कोण कोण होतं, विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळतं आणि सांगणारीचा आवाज बदलतो. विहिरीत उडी टाकलेली निघाली तर अजून वेगळे प्रश्न विचारावे लागतील, तुमचे तुम्हाला कळतील. रात्री विहिरीवर जाऊन धीर दाखवायच्या भानगडीत मात्र पडू नका, कठडा नसेल तर जीव जाईल आणि आणखी एक गोष्ट तयार होईल.

काकूचा एकच फोटो आहे, लग्नानंतरचा, काटोलच्या स्टुडिओत काढलेला. उभी आहे, एक हात खुर्चीच्या पाठीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून. इतकी वर्षं तो आईच्या ट्रंकेत होता, कारण घरात लावू देत नव्हते. गेल्या उन्हाळ्यात बहीण, म्हणजे काकूची पोर, आणि मी तो घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यानं पाहिला आणि म्हणाला, ताई, खालचं कापून टाकतो, चेहरा मोठा येईल. खाली काय होतं, तर नवी जोडवी घातलेले दोन पाय.

बहीण म्हणाली, नको. पाय राहू द्या.