सशिणीचे उद्योग आणि येणारा जोडीदार

प्रश्न : आमची सशीण दीड वर्षाची आहे, शस्त्रक्रिया झालेली नाही. पंधरा दिवसांनी तिच्या सोबतीला नर आणतोय. हल्ली ती दिसेल त्या वस्तूवर हनुवटी घासते, वाटी दातांत धरून भिरकावते, पायांभोवती घूं-घूं करत गोल फिरते. कालपासून तर तोंडात गवत कोंबून कोपऱ्यात नेते आहे. तिला चाहूल लागली असेल का?

उत्तर : घरात न आलेल्या सशाची चाहूल तिला लागणार कशी? हं, त्याला मांडीवर घेऊन आला असाल तर कपड्यांवरचा वास तिला कळतो, आणि मग हनुवटी घासणं वाढू शकतं. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. घासलं की ती वस्तू तिची. वाटीची भिरकावणी बहुधा कंटाळ्यापोटी होते. जड, बसक्या तळाची वाटी द्या आणि कुरतडायला पुठ्ठ्याचे खोके. पायांभोवतीच्या फेऱ्या मात्र माजाच्या.

खरं लक्ष द्यायचं ते गवताकडे. आता ती गळ्याखालचे नि छातीचे केस उपटून घरटं करेल. नराशी संबंध आलेला नसेल तर हे खोटं गरोदरपण. ते साधारण 16 ते 18 दिवस टिकतं. घरटं मोडू नका, नाहीतर ती आणखी केस उपटते. या काळात ती चिडखोर असते, हात घातलात तर गुरगुरून पंजे मारेल. म्हणजे तुमची पंधरा दिवसांची तारीख नेमकी चुकीची आहे. हे ओसरू द्या, मग पशुवैद्याला विचारून तिची शस्त्रक्रिया करा. नराचीही हवीच, पण नसबंदीनंतरही तो 4 ते 6 आठवडे पिल्लं देऊ शकतो. सशिणीचे दिवस जेमतेम महिन्याचे आणि व्यायल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा इथे घाई महागात पडते.

प्रश्न : नर आल्यावर थेट तिच्या पिंजऱ्यात सोडला तर लवकर सवय होईल ना?

उत्तर : सवय नाही, मारामारी होईल. पिंजरा तिच्या हद्दीत येतो. पहिले दोन आठवडे नर वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे आजार असला तर कळेल. नंतर दोघांचे पिंजरे शेजारी, पण मध्ये 5 ते 10 सेंटिमीटर अंतर सोडून. जाळ्या चिकटल्या तर नाकं आणि बोटं चावली जातात. लेंड्यांचे ट्रे अधूनमधून अदलाबदल करा. जाळीपाशी दोघं निवांत खाऊ लागले की भेट घडवा, तीही दोघांनी न पाहिलेल्या जागी. फरशीवर सतरंजी हवी, पाय घसरला की ससा घाबरतो.

पहिली भेट दहा मिनिटांची पुरे. एकाने दुसऱ्यावर चढणं, थोडा पाठलाग, केसांचा एखादा पुंजका उपटणं चालतं. चढणारा तोंडाच्या बाजूने चढला तर लगेच उतरवा, कारण खालच्याचे दात थेट त्याच्या जननेंद्रियापाशी येतात. कान मागे, शेपटी वर आणि दोघं एकमेकांमागे गरगर फिरू लागले की भांडण पेटलंच. मध्ये उशी किंवा केराची सुपली सरकवा. उघडा हात घालू नका, चावा खोल जातो.

डोकी चाटणं, अंगाला अंग लावून पडणं दिसू लागलं की निम्मं काम झालं. याला काही दिवस लागतील किंवा काही महिनेही. सलग 48 तास तुमच्या नजरेसमोर भांडणाशिवाय गेल्यावरच त्यांना एकटं सोडा.

प्रश्न : नवा ससा आल्यापासून आमची मादी रुसून खात नाही. किती वाट पाहावी?

उत्तर : वाट पाहू नका. 12 तास गवत खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर आतडं थंडावलेलं असू शकतं. तिला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.