भोकं सर्वांत शेवटी: बेंच आणि व्हाइसबद्दल वाचकांचे प्रश्न

घरी सुतारकाम करणाऱ्यांकडून एकच गोंधळ पुन्हा पुन्हा येतो: बेंचला डॉगची भोकं कुठे, केवढी आणि कधी पाडायची? म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत. नवीन वाचकांसाठी एवढंच, की डॉग म्हणजे बेंचच्या भोकात उभी राहणारी खुंटी. एक डॉग व्हाइसवर (बेंचला बसवलेला, स्क्रूने आवळणारा शिकंजा), दुसरा बेंचवर, आणि फळी दोघांच्या मध्ये आवळली की रंधा मारताना ती हलत नाही.

भोक 19 मिमीचं की 20? बोहरी आळीतले दुकानदार म्हणाले, दोन्ही एकच. (कोथरूड)

एकच नाही. सुतारांचे सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, म्हणजे 19.05 मिमी. या भोकात 20 मिमीचा डॉग जाणार नाही, आणि 20च्या भोकात 19चा डुलत राहील. आधी डॉग घ्या, व्हर्नियरने मोजा, मग त्या मापाचं बिट घ्या. बिट घेताना डॉग सोबत न्या.

भोकं गोल की चौकोनी? (हडपसर)

गोल. तयार टॉपला चौकोनी भोकं पटाशीने खणणं मुरलेल्या हाताचं काम आहे.

सागवानी बेंच तयार झाला. व्हाइस पुढच्या महिन्यात घेईन. तोवर व्हिडिओत पाहिली तशी दर चार इंचांवर सगळ्या टॉपला भोकं पाडून ठेवू का? (सिंहगड रस्ता)

नाही. कृपा करून पाडू नका. या घाईत चांगलं सागवान वाया गेलेलं पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. व्हाइस आधी, भोकं सर्वांत शेवटी.

भोकांची ओळ आपण ठरवत नसतो, व्हाइसचा डॉग ठरवतो. सुतारी व्हाइसच्या पुढच्या जबड्यात बहुधा वर सरकणारा डॉग असतो. त्याच्या मध्यावर गुण्या लावून जबड्याशी काटकोनात रेघ ओढा, भोकं त्याच रेघेवर यायला हवीत. ओळ बाजूला गेली की आवळताना जबडा तिरका ओढला जातो, स्क्रू एका अंगाने झिजतो आणि फळी निसटते.

मग टॉपच्या खाली वाकून पाहा. व्हाइसचा स्क्रू, त्याचे दोन दांडे, बेंचच्या आडव्या पट्ट्या, पाय. आज पाडलेलं भोक उद्या नेमकं दांड्यावर आलं तर डॉग खाली उतरणार नाही, आणि ते भोक हलवता येत नाही.

अंतराचंही तसंच. दोन भोकांमधलं अंतर व्हाइस जेवढा उघडतो त्याहून कमी हवं, नाहीतर काही लांबीच्या फळ्या कोणत्याच भोकाशी धरता येणार नाहीत. व्हाइस सात इंच उघडत असेल तर चार इंच ठीक. पण तुमचा किती उघडतो हे तो हातात आल्याशिवाय कसं कळणार?

व्हिडिओतली भोकांची जाळी गाइड रेल (करवत सरळ चालवायची पट्टी) लावून कापणी करायच्या एमडीएफ टेबलाची असते. तिथे 20 मिमीची भोकं 96 मिमीवर असतात. रंध्याच्या बेंचला एक सरळ ओळ पुरते. मागे होल्डफास्टसाठी (भोकात ठोकला की लाकूड बेंचवर दाबून धरणारा लोखंडी आकडा) दोन-तीन भोकं लागतील ती काम करताना कळतील, तेव्हा पाडा. आणि पहिल्या भोकाआधी ती रेघ एखाद्या जाणत्या सुताराला दाखवा.

भोक तिरकं जातं, खालून चिरफळ्या उडतात. (पिंपरी)

जाड ठोकळ्याला ड्रिल प्रेसवर सरळ भोक पाडून घ्या, तो टॉपवर क्लॅम्प करा आणि त्यातून बिट चालवा. खाली टाकाऊ फळी घट्ट बांधा. वेग कमी ठेवा, मशीनचा बाजूचा दांडा धरा. एवढं मोठं बिट अडकलं की मशीन मनगट पिरगाळतं. हात सरावलेला नसेल तर हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

मे महिन्यात नीट बसणारे लाकडी डॉग पावसात अडकले. ठोकून काढले, आता भोकाचा काठ फुटतोय. भोक मोठं करू का? (वारजे)

भोकाला हात लावू नका. लाकूड दमट हवेत तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळपास नाही. डॉग चारी बाजूंनी फुगला, पण टॉपच्या लांबीच्या दिशेने भोक होतं तेवढंच राहिलं. म्हणून तो त्या दोन बाजूंना आवळला. तेवढ्याच बाजू पॉलिशपेपरने उतरवा. डॉग अंगठ्याने दाबून सरकला पाहिजे. भोकाची वरची धारही किंचित मारा. पहिल्यांदा अडकला तेव्हाच विचारलं असतंत तर काठ वाचला असता. चीर पुढे सरकत असेल तर वापर थांबवा आणि टॉप सुताराला दाखवा.

टॉप 18 मिमी प्लायचा आहे. होल्डफास्ट पकडत नाही. दुकानदार महागडा पितळी डॉगचा सेट सुचवतोय. (कात्रज)

पैसे देऊ नका. होल्डफास्ट भोकात तिरका अडकून पकडतो, त्याला जाडी लागते. 18 मिमीत अडकायला जागाच नाही, आणि पितळी सेट घेतल्याने टॉप जाड होत नाही. भोकाखाली ठोकळा चिकटवून एकूण जाडी किमान दोन इंच करा, मग भोक आरपार न्या. फेव्हिकॉल लावण्याआधी ठोकळा खालच्या पट्ट्यांना किंवा व्हाइसच्या दांड्यांना अडत नाही ना ते पाहा. खात्री नसेल तर बेंचचा खालून फोटो काढून टिंबर मार्केटमधल्या एखाद्या कारागिराला दाखवा.