टॉमकॅट वर यायला सात-आठ मिनिटं लागतात, रॅम वाढवूनही फरक नाही. काय करावं?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. टॉमकॅट ९ (जावाची वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) आधी मिनिटाच्या आत वर यायचा, आता सात-आठ मिनिटं घेतो. कोडमध्ये मोठा बदल नाही. आणि मध्यंतरी कुणीतरी परफॉर्मन्स तपासायला प्रोफायलर लावला होता, ‘पण तो आता कुणी वापरत नाही’. तुमचं उत्तर या शेवटच्या वाक्यातच असावं असं मला वाटतं. वापरत नाही म्हणजे काढला, असं होत नाही. मीही इंदुरातच, विजय नगरच्या एका ऑफिसात जावाचे सर्व्हर सांभाळतो. ‘भिया, सर्वर उठ ही नहीं रहा’ असा फोन आला की मी रॅमकडे बघतच नाही, आधी जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारी प्रणाली, कुठल्या पर्यायांनी सुरू झाली ते बघतो.

तुम्हीही तेच करा. सर्व्हर चालू असताना जावासोबत येणारी जेपीएस कमांड व्ही पर्यायासह चालवा, किंवा तशाच जेसीएमडीने त्या प्रोसेसची पूर्ण कमांड लाइन काढा. त्यात ‘-जावाएजंट’ किंवा ‘-एजंटपाथ’ने सुरू होणारं काही दिसलं की चोर सापडला. एजंट म्हणजे जेव्हीएमच्या आत जाऊन बसणारा प्रोफायलरचा भाग. हे बहुधा बिन फोल्डरमधल्या सेटएन्व्ह फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे नसेल तर ‘जावा_टूल_ऑप्शन्स’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा. ते मशीनवरच्या प्रत्येक जावा प्रोसेसला लागू होतं आणि लावणारा माणूस नोकरी सोडून गेला तरी तिथेच राहतं. ते लागू असेल तर जेव्हीएम सुरू होताना ‘पिक्ड अप’ने सुरू होणारी एक ओळ छापते. टॉमकॅटच्या लॉगच्या, म्हणजे कॅटॅलिना डॉट आऊटच्या, अगदी वरच्या ओळींत ती सापडेल, आणि तिथे सहसा कुणी बघत नाही.

आता हा त्रास सुरू होतानाच एवढा का जाणवतो? इन्स्ट्रुमेंटेशन पद्धतीचा प्रोफायलर प्रत्येक क्लास लोड होताना त्याचा बाइटकोड (जेव्हीएमला समजणारा कंपाइल केलेला कोड) हातात घेतो, मेथडच्या सुरुवातीला आणि शेवटी आपला मोजणीचा कोड घुसवतो, मगच क्लास पुढे सोडतो. जकात नाक्यावर प्रत्येक ट्रक उघडून माल मोजावा तसं. स्प्रिंग आणि हायबरनेट या जावा लायब्ररी असलेलं मध्यम आकाराचं अ‍ॅपसुद्धा वर येताना हजारो क्लास लोड करतं आणि ते जवळपास सगळे या पहिल्या काही मिनिटांतच येतात. शिवाय तेव्हा जेआयटी कंपायलरने (चालता चालता कोड वेगवान करणाऱ्या भागाने) अजून फारसं काही कंपाइल केलेलं नसतं, म्हणजे मूळ कोडही इंटरप्रीटरमध्ये सावकाश चालतो आणि घुसवलेला मोजणीचा कोडही.

याहून छुपी एक गोष्ट आहे. हॉटस्पॉट, म्हणजे नेहमीची जेव्हीएम, लहान मेथड बोलावणाऱ्याच्या आतच बसवून टाकतो, म्हणजे इनलाइन करतो. त्याची साधी मर्यादा ३५ बाइट बाइटकोडची. गेटर, म्हणजे फक्त एखादी किंमत परत देणारी छोटी मेथड, त्यात सहज मावतो, पण मोजणीचा कोड घुसला की फुगतो आणि मर्यादेबाहेर जाऊ शकतो. मग रिपोर्टमध्ये असले गेटरच सगळ्यात महाग दिसायला लागतात आणि बिचारे डेव्हलपर ते सुधारत बसतात. त्यामुळे सगळं इन्स्ट्रुमेंट करून घेतलेल्या स्टार्टअपच्या आकड्यांवर माझा तरी विश्वास नाही.

हळू आणि अडकलेला, यांतला फरकही बघून घ्या. सीपीयू जोरात चालू असेल तर वरची गोष्ट. सीपीयू शांत, लॉग गप्प, असं असेल तर एजंट प्रोफायलरच्या स्क्रीनवरच्या प्रोग्रामची वाट बघत असू शकतो. जेप्रोफायलर या प्रोफायलरला ‘नोवेट’ पर्याय दिला नाही तर तो कुणी जोडेपर्यंत जेव्हीएम पुढे जाऊ देत नाही. डीबगरचं ‘सस्पेंड’ वाय ठेवलं तरी तेच.

खात्री साधी आहे. एजंटची ओळ कॉमेंट करा, रीस्टार्ट करा आणि लॉगमधल्या ‘सर्व्हर स्टार्टअप इन’ या ओळीतले मिलिसेकंद आधीच्यांशी ताडून बघा.

प्रोफायलर खरंच हवा असेल तर सर्व्हर मोकळा वर येऊ द्या, नंतर चालत्या प्रोसेसला जोडा आणि सॅम्पलिंगवर ठेवा. सॅम्पलिंगमध्ये क्लासला हात लागत नाही, ठरावीक वेळाने थ्रेडचे स्टॅक टिपले जातात. नंतर जोडून इन्स्ट्रुमेंटेशन लावलंत तर लोड झालेले क्लास पुन्हा बदलावे लागतात आणि सर्व्हर काही वेळ गोठल्यासारखा होतो. जेडीके २१पासून चालत्या जेव्हीएमला असा एजंट जोडला की ती इशाराही छापते, त्याने घाबरू नका. माझी पसंती मात्र जावा फ्लाइट रेकॉर्डरला, म्हणजे जेव्हीएममध्येच असलेल्या नोंदणी साधनाला. २०१८च्या जेडीके ११पासून तो ओपनजेडीकेत आहे, जावा ८लाही ८यू२६२पासून मिळतो आणि नेहमीच्या सेटिंगवर त्याचा भार साधारण १ टक्क्याच्या आसपास असतो. तो सुरुवातीपासून चालू ठेवला तरी चालतं, म्हणून स्टार्टअपच तपासायचा असेल तर हाच वापरा. इन्स्ट्रुमेंटेशनच हवं असा कुणाचा हट्ट असेल तर फिल्टरमध्ये फक्त तुमच्या कंपनीचं पॅकेज ठेवा, स्प्रिंग आणि हायबरनेट वगळा.

एजंट ‘जावा_ऑप्ट्स’मध्ये लिहू नका, ‘कॅटॅलिना_ऑप्ट्स’मध्ये लिहा. पहिलं व्हेरिएबल सर्व्हर थांबवायच्या कमांडलाही लागतं, मग थांबवतानाही एजंट लोड होतो आणि आधीच व्यापलेल्या पोर्टवर भांडत बसतो.

एक्लिप्समधून (कोड लिहायच्या प्रोग्राममधून) सर्व्हर चालवणाऱ्यांना ‘४५ सेकंदांत सुरू झाला नाही’ असा निरोप येतो आणि ते ती मर्यादा वाढवतात. वाढवा हवी तर, वेळ तेवढाच लागेल.

एजंट काढूनही सात मिनिटंच लागत असतील तर सुरू होताना काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय याची नोंद) घ्या आणि मेन थ्रेड कशात अडकलाय ते इथे टाका. लॉगमध्ये ‘सिक्युअररँडम’ तयार व्हायला लागलेला वेळ छापला असेल तर तीही ओळ टाका. लहान व्हर्च्युअल मशीनवर एंट्रॉपी (रँडम आकडे बनवायला लागणारी अनिश्चितता) कमी पडून असंच थांबतं, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.