कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) भोवऱ्यासारख्या रेषा आहेत असं तपासणीत कळलं. त्यामुळे नजर जाते का?

सहसा नाही, पण त्या कशामुळे आल्या हे शोधायलाच हवं. कॉर्नियाच्या वरच्या थरातल्या पेशी सतत झिजतात. बुबुळ आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथल्या मूळपेशींपासून नव्या पेशी तयार होतात आणि वळत वळत मध्याकडे सरकतात. म्हणजे भोवरा निरोगी डोळ्यातही असतो, नुसता दिसत नाही. पेशींत एखादा पदार्थ साठला की ती वाट उमटते: स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बाहुलीच्या जरा खाली एक बिंदू आणि तिथून मांजराच्या मिशांसारख्या फाकलेल्या बारीक तपकिरी रेषा, बहुधा दोन्ही डोळ्यांत.

नेहमीची कारणं अशी:
- हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं अ‍ॅमिओडॅरोन. ते दीर्घकाळ घेणाऱ्या बहुतेकांना या रेषा येतात.
- मलेरिया, संधिवात अशा आजारांवरचं क्लोरोक्विन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन.
- फॅब्री हा आनुवंशिक आजार. असं कुठलंही औषध चालू नसेल तर याची तपासणी टाळू नका, कारण तो पुढे मूत्रपिंड आणि हृदयाला इजा करतो. स्त्रियांमध्ये, या आजारात कमी पडणाऱ्या एन्झाइमची रक्ततपासणी नॉर्मल येऊ शकते, म्हणून जनुकीय चाचणी करावी लागते.

औषध बंद झाल्यावर रेषा काही महिन्यांत विरतात, पण त्यासाठी हृदयाचं औषध स्वतःहून थांबवू नका. आणि नजर खरोखरच धूसर झाली असेल तर दोष या रेषांवर टाकून गप्प बसू नका: अ‍ॅमिओडॅरोनमुळे क्वचित दृष्टीच्या नसेला आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे रेटिनाला (डोळ्याच्या मागच्या पडद्याला) इजा होऊ शकते.