पीसीओवर, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या सार्वजनिक बूथवर, बूथवाला मनाला येईल तेवढे पैसे घ्यायचा का? दर कोण ठरवायचं?

तुमचे वडील म्हणतात की फोन लागला नाही तरी बूथवाल्याने पैसे घेतले. असं व्हायचं, ते खोटं बोलत नाहीत. पण दर मात्र बूथवाल्याच्या हातात नव्हता. माझ्या काकांचा परळला एसटीडी (परगावी थेट फोन लावायचा) बूथ होता आणि कॉलेज सुटलं की मी गल्ल्यावर बसायचो, म्हणून सांगतो.

दर आधी दूरसंचार खातं ठरवायचं. १९९७ साली ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, आलं आणि दर राजपत्रात जाहीर करण्याचा अधिकार त्यांच्याकडे गेला. मुंबईत लाइन एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीची, बूथवाल्याला फक्त कमिशन. हिशोब पल्सवर, म्हणजे ठरावीक सेकंदांच्या तुकड्यांवर, चालायचा. पल्सचा भाव ठरलेला, पण गाव जितकं लांब तितका पल्स आखूड. त्यामुळे रत्नागिरीला बोलताना मीटर सावकाश सरकायचा, दिल्ली लावली की नुसता पळायचा. रात्री उशिरा दर उतरायचे, तेव्हा बाहेर रांग लागायची.

लबाडी व्हायची ती दरात नाही, वेळेत. पलीकडे फोन उचलला की एक्स्चेंजकडून लाइनवर तशी खूण यायची आणि मीटरने तिथून मोजायला सुरुवात करायची, हा नियम. पण काही बूथवर मीटर असा लावून ठेवलेला असायचा की नंबर फिरवून काही सेकंद झाले की तो आपोआप सुरू. नुसती रिंग वाजतेय आणि लाल आकडे वाढताहेत! दुसरा प्रकार सुट्ट्यांचा: तेरा रुपये चाळीस पैसे झाले की चौदा घ्यायचे, फार तर हातावर एक गोळी ठेवायची. काका स्लिप फाडून दिल्याशिवाय पैसे घेत नसत. स्लिपवर नंबर, वेळ, कालावधी आणि रक्कम छापून यायची. गिऱ्हाइकाच्या हातात पुरावा म्हणून एवढंच असायचं, आणि बहुतेक जण ती तिथेच टाकून जायचे. पानाच्या गादीवरचे रुपयाचं नाणं टाकायचे फोनचे डबे त्या मानाने सरळ. पलीकडून उचलला तरच नाणं आत जायचं.

मार्च २००६ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलने देशभर रुपयात मिनिट केलं. लोकांना दिलासा मिळाला, चांगलंच झालं. पण कमिशन त्याच दरावर बेतलेलं. अपंग आणि माजी सैनिकांना हे बूथ प्राधान्याने दिले जायचे, कित्येकांचं घर त्यावर चालायचं. दर खाली आणताना त्यांच्या कमाईचाही विचार व्हायला हवा होता, असं मला आजही ठामपणे वाटतं.