दादाची फाइल

पत्र : मी ठाण्याच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील आहे. बाबा गेल्यावर दादाने शिक्षण सोडलं, टेम्पो चालवून मला एलएलबी केलं. गेल्या वर्षी घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ त्याच्या टेम्पोने एका दुचाकीवाल्याला उडवलं. त्या मुलाचा पाय मोडला, दादा थांबला नाही. त्या रात्री फोनवर मला म्हणाला, ‘थोडी घेतली होती गं.’ चार्जशीटमध्ये दारूचा उल्लेखच नाही. आता केस माझ्याच कोर्टाला लागली आहे, मंगळवारी तारीख. आई म्हणते, ‘त्याने तुला उभं केलं, तू एवढंही करू नयेस?’ मामा म्हणतात, केस मागे घे, तुझ्याच हातात आहे. काय करू? – एक बहीण, कळवा

बाळ,

मंगळवारची वाट बघू नकोस. सोमवारी सकाळीच तुझ्या वरिष्ठांना लेखी कळव : आरोपी माझा सख्खा भाऊ आहे, ही केस दुसऱ्याकडे द्या. तोंडी नको, लेखी. पोचही घे.

तू सौम्य वागशील ही भीती तुला आहेच. मला उलटी भीती जास्त वाटते. ‘भावाला सोडलं’ असं कोर्ट नाक्यावर कोणी म्हणू नये म्हणून तू सरतपासात, म्हणजे आपल्या साक्षीदारांना प्रश्न विचारताना, गरजेपेक्षा कडक होशील, आणि तोही दादावर अन्यायच. शिवाय दारूचं तुला ठाऊक आहे. नवरा-बायकोच्या आपसातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, भावाबहिणीच्या बोलण्याला नाही. उद्या तुलाच साक्षीला बोलावलं तर? साक्षीदार आणि अभियोक्ता एकच बाई, हे चालायचं नाही. बोलावलंच, तर खोटं बोलू नकोस. इथे मी पदरचं गोड काही घालणार नाही.

मामांना सांग, केस मागे घेणं म्हणजे लग्नाची पत्रिका परत मागवणं नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 प्रमाणे केस सांभाळणारा सरकारी वकील अर्ज करू शकतो हे खरं, पण न्यायालयाची संमती लागते. 1 जुलै 2024 ला ही संहिता लागू झाल्यापासून तर पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय ती संमती मिळतच नाही. म्हणजे पाय मोडलेल्या त्या मुलासमोर तुला उभं राहून कारण सांगावं लागेल. कोणतं सांगशील?

आता दादा. फाइल सुटली की तू पुन्हा नुसती बहीण. त्याला चांगला वकील बघून दे, फीचे पैसे दे, तारखेला मागच्या बाकावर जाऊन बस. तुझ्या शिक्षणाचं ऋण असंच फिटतं. वकिलाला दारूसकट सगळं सांगायला लाव. फक्त ऑफिसात पाहिलेल्या कागदातलं एक अक्षरही घरी नेऊ नकोस, आणि तुझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला चहाच्या निमित्तानेही ‘जरा बघ’ म्हणू नकोस. हे म्हणायचा मोह होईल, मला माहीत आहे.

आई रागावेल. महिनाभर बोलणार नाही कदाचित. तिला कायदा समजावत बसू नकोस, तिला तो नकोच आहे. एवढंच सांग की फाइल माझ्याकडे राहिली आणि नंतर नातं बाहेर आलं, तर दादाची केस तर बिघडेलच, त्याने टेम्पो चालवून मिळवून दिलेली माझी नोकरीही जाईल. हे तिला कळेल. दादाला बहुधा आधीच कळलं असेल. त्याने स्वतः तुला काही मागितलंय, असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. रविवारी त्याच्याकडे जा आणि आईच्या आधी त्याला सांग.

– मावशी