गल्लीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार?

प्रश्न : आम्ही मंडळाच्या कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून जानेवारीत कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत, जुन्या वाड्यांच्या भिंतींना लागून, प्लास्टिकच्या चाळीस कुंड्या ठेवल्या. पिटुनिया आणि झेंडू लावले होते. एप्रिलमध्ये निम्म्या वाळल्या, उरलेल्यांत चहाचे कप आणि पिचकाऱ्या. भिंतीला ओल आली म्हणून एका वाडेमालकांनी भांडणही काढलं. पावसाळ्यात पुन्हा लावायचं म्हणतोय. काय बदलू?
— एक कार्यकर्ता, पुणे

उत्तर : आधी वाडेमालकांचं. ते बरोबर आहेत. जुन्या वाड्याचं जोतं दगडी असलं तरी वर बहुतेक ठिकाणी माती-चुन्यात रचलेल्या विटा आणि सागवानी खांब असतात. त्यांना रोजचं पाणी सोसत नाही. कुंडी भिंतीपासून वीतभर लांब, विटांवर उचलून ठेवा. आणि भेगेत पिंपळाचं रोप दिसलं तर चिमुकलं असतानाच उपटा, नंतर ते भिंत सोडत नाही.

पिटुनिया हे थंडीचं फूल. ते एप्रिलमध्ये जाणारच होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सदाफुली लावा, ऊन असेल तिथे बोगनवेल, अर्धवट सावलीत अबोली. कण्हेर मात्र नको, ती विषारी असते आणि गल्लीत लहान पोरं हात लावतात.

खरी अडचण पाण्याची आहे. उन्हाळ्यात मोठ्या कुंडीला रोज दोनेक लिटर लागतं. चाळीस कुंड्यांचे ऐंशी लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या, तेही नळ जाण्याआधी! मंडळाची पोरं हे पंधरा दिवस करतात, मग परीक्षा येते. म्हणून पंधराच कुंड्या ठेवा, आणि ज्याच्या दारात कुंडी त्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय ठेवूच नका. दुकानदाराने आपली म्हटलेल्या कुंडीत कोणी थुंकायला गेलं तर तोच ओरडतो. पाटी लावून हे होत नाही, पाट्यांच्या गावात राहून सांगते.

खाली बशा ठेवू नका. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो. चालायला जागा सोडा, पदपथावर 1.8 मीटर मोकळे असावेत असा रस्ते-नियम आहे. तुमच्या गल्लीत मुळात तेवढा पदपथ नसेल, तर कोपरे आणि ओटेच बघा. विटांचे पक्के वाफे बांधायचं मनात असेल तर काढून टाका. शनिवारवाडा केंद्र-संरक्षित असल्याने प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनुसार त्याच्यापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. शिवाय मिरवणुकीला कुंड्या हलवाव्या लागणार, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

कुंड्या आणायला लांब जाऊ नका, कुंभारवेशीत विचारा. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा लवकर सुकते आणि स्कूटरचा धक्का लागला की फुटते, पण मुळं तिच्यात गुदमरत नाहीत. मी तीच घेईन. सदाफुलीची रोपं मात्र विकत घेऊ नका, गल्लीतल्या कुणा काकूंकडे मागा. रोप त्यांचं असलं की संध्याकाळी तांब्याभर पाणी त्याच घालतील.